भेरली माड : अंगणात 14 महिने

परवा वळवाच्या पहिल्याच सरीत पन्हळ तुंबली, म्हणून शेवटी हे लिहायला घेतलं. आंबोली घाटाच्या पायथ्याशी घर घेतलं ते अर्धं या माडावर भाळूनच. 45-50 फुटी सरळसोट खोड, माशाच्या शेपटीसारखी पानं, अंबाडा सोडल्यासारखे लोंबणारे घोस. शोभेबद्दल तक्रार नाही.

तक्रार खाजेची आहे. पिकून लाल झालेली, बोराएवढी फळं कौलांवरून गडगडत पन्हळीत साठतात. मागच्या मे महिन्यात ती मी उघड्या हातांनी काढली. चिखलात फुटलेला गर बोटांच्या बेचक्यांत गेला आणि दोन रात्री झोप नाही. अळू-सुरण खाजतं त्याच जातीची ही खाज, पण कितीतरी जहाल. गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. लिनियसने 1753 मध्ये याला ‘कॅरिओटा युरेन्स’ नाव दिलं, त्यातल्या युरेन्सचा अर्थच जाळणारा. घर दाखवणाऱ्या एजंटने यातलं अवाक्षर काढलं नाही. लांब बाह्या आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय फळांना हात लावू नका. लहान मुलं असतील तर सडा रोज झाडा, पायाखाली फुटू देऊ नका.

तेव्हा लिहिलं असतं तर ‘तोडून टाका’ एवढंच लिहिलं असतं. तोडणाऱ्याने 6,000 रुपये सांगितले, ते जास्त वाटले म्हणून माड वाचला. आज त्याचं बरं वाटतं. फुलोरा उमलला की पहाटेपासून मधमाश्यांचा घुमारा घरात ऐकू येतो. आणि दिवाळीत गडग्यावर उदमांजराची विष्ठा दिसली, काळ्या बियांनी गच्च भरलेली. मला दोन रात्री जागवणारं फळ ते पोटभर खाऊन गेलं होतं.

मग शेजारचे काका म्हणाले, “वयनी, हो माड आता उतरणीक लागलो. खालचो घोस पिकलो की मेलो.” याचा पहिला फुलोरा शेंड्याला येतो, पुढचे एकेक पेर खाली. तळाचा पिकला की अख्खं झाड वाळतं. एजंट म्हणाला होता, नारळासारखा वर्षानुवर्षं राहील. राग आला तो याचा, खाजेपेक्षाही. मी खोडावर मोजलं: पाच वाळके दांडे, त्याखाली एक हिरवा घोस, आणि त्याहीखाली एक नुकता फुटतोय.

विष्ठेतल्या 11 बिया हातमोजे घालून धुतल्या आणि पिशव्यांत लावल्या. एवढ्यात तीन उगवल्यात. पहिलं पान बोटभर, टोकाला कुरतडल्यासारखं. पाऊस स्थिरावला की ओहोळाच्या काठी लावणार आहे, पन्हळीपासून चांगली 40 पावलं लांब.