खेळात नाही, विथड्रॉवलमध्ये फसले

मी डोळे झाकून उडी मारली नव्हती, हे आधीच सांगते. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. दुसऱ्याच्या वहीत एक पै इकडची तिकडे झाली तरी मला खटकते. ऑनलाइन कॅसिनोत पैसे घालण्याआधीही चार संध्याकाळी बसून मी रीतसर तपासणी केली होती. फक्त जे तपासायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं तपासलं.

(आकडे मुद्दाम चलनाशिवाय देते आहे. कुठल्याही चलनात हिशेब तोच येतो.)

भीती एकच होती: खेळ फिक्स असला तर? म्हणून आधी खेळांचं गणित वाचून काढलं. एका शून्याच्या रूलेटमध्ये, म्हणजे गोळी टाकून फिरवायच्या चाकात, ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर लावलेले परत आणि वर ३५ पट मिळतात, म्हणजे दीर्घकाळात कॅसिनोचा वाटा २.७ टक्के. दोन शून्यांच्या चाकात तोच वाटा ५.२६ टक्के होतो. स्लॉटमध्ये, म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायच्या खेळात, ‘आरटीपी’ नावाचा आकडा असतो. ९६ म्हणजे लाखो स्पिनच्या सरासरीत लावलेल्या शंभरातले ९६ परत. स्लॉट गेम बनवणाऱ्या काही कंपन्या एकच गेम वेगवेगळ्या परताव्यावर देतात आणि त्यातला कोणता लावायचा हे कॅसिनो ठरवतो, हेही तेव्हाच कळलं. खरा आकडा गेमच्या माहितीच्या पानावर सापडतो. मी ते पान उघडलं, ९६.१ दिसलं, आणि समाधान झालं.

त्या खेळात मला कोणी फसवलं असं मी आजही म्हणत नाही. फसवायची त्यांना गरजच नव्हती.

खेळांनंतर परीक्षणं वाचली. पाचपैकी साडेचार तारे, ‘झटपट पेमेंट’, ‘विश्वासू’. ही परीक्षणं लिहिणाऱ्यांचं पोट कशावर चालतं हे मात्र विचारलं नाही. त्यांच्या लिंकवरून गेलेला खेळाडू जेवढं हरतो, त्यातला ठरलेला हिस्सा बऱ्याचदा त्यांना महिन्याच्या महिन्याला मिळत राहतो. मी हरावं यात ज्याचा फायदा, त्याच्याकडेच मी सल्ला मागितला होता. ऑफिसात कोणी असा अहवाल आणून दिला असता तर मी तो टेबलावरूनच परत पाठवला असता.

२०० भरले, बोनसचे २०० मिळाले. वेजरिंग, म्हणजे पैसे काढण्याआधी किती रकमेचे डाव लावायचे ती अट, ४० पट. तो ४० चा आकडा मी वाचला होता, पण तो कशावर लागतो ते वाचलं नाही. तो डिपॉझिट आणि बोनस या दोन्हींवर होता: ४०० गुणिले ४०, म्हणजे १६,००० चे डाव लावल्याशिवाय एक पैसा काढता येणार नाही. आता ९६ टक्क्यांच्या स्लॉटवर १६,००० लावले तर सरासरीने जातात ६४०. खात्यात सगळे मिळून ४००. म्हणजे बहुतेकांचे पैसे अट पूर्ण होण्याआधीच संपणार, आणि ती अट ठेवलीय त्याचसाठी. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात कॅसिनोचा वाटा कमी असतो म्हणून तिकडे पळावं, तर तिथे लावलेल्या रकमेचे फक्त १० टक्के अटीत मोजले जात होते.

माझं नशीब चांगलं होतं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. एका स्पिनला साधारण २ या हिशेबाने आठ हजारांच्या आसपास स्पिन, अकरा संध्याकाळी. अट पूर्ण झाली तेव्हा खात्यात २,३४० होते. पैसे काढण्यासाठी बटण दाबलं, आणि तोवर दोन मिनिटांत उत्तर देणारा कॅसिनो एकाएकी मंदावला.

आधी केवायसी. पैसे घेताना माझं नावसुद्धा नीट विचारलं नव्हतं. द्यायची वेळ आली तसं ओळखपत्र हवं झालं. पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: फोटोत कार्डाचा एक कोपरा कापला गेलाय. पुन्हा पाठवलं. चार दिवसांनी: पत्त्याचा पुरावा तीन महिन्यांहून जुना आहे. नवा पाठवला. मग हातात तारखेचा कागद धरून सेल्फी. तो पाठवला तर तारीख ‘अस्पष्ट’. अहो, मी ती जाड मार्करने लिहिली होती. चॅटवर दर वेळी माणूस नवा असायचा, वाक्य तेच: “आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.”

आणि या सगळ्या काळात माझे २,३४० खात्यात समोर दिसत होते. ‘प्रलंबित’ असं करड्या अक्षरांत, आणि शेजारी हिरवंगार मोठं बटण: ‘विथड्रॉवल रद्द करा आणि खेळा’. बाराव्या रात्री मी ते दाबलं. सगळे नाही, ५००. चाळीस मिनिटांत गेले. ही चूक माझी, मान्य. पण ते बटण तिथे का होतं हे नंतर समजलं. ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२१ मध्ये असं विथड्रॉवल मागे फिरवण्याची सोय ठेवायलाच बंदी घातली. ओळख तपासण्याबद्दलही तिथे मे २०१९ पासून नियम आहे की नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळल्याशिवाय खेळूच द्यायचं नाही. खेळून झाल्यावर, जिंकलेले पैसे मागितल्यावर कागद काढायला लावणं ही चाल किती जुनी असेल, ते यावरून समजा.

आता उरले १,८४०. एकविसाव्या दिवशी मेल आली. केवायसी मंजूर. त्याच मेलमध्ये पुढच्या परिच्छेदात: अटींच्या कलम ९.४ चा भंग झाल्याने जिंकलेली रक्कम जप्त.

कलम ९.४ सांगतं की बोनस चालू असताना एका स्पिनला ५ पेक्षा जास्त लावायचे नाहीत. मी कधीच लावले नव्हते, असं मला खात्रीने वाटत होतं. पुरावा मागितला. त्यांनी एक ओळ पाठवली, तिसऱ्या दिवसाची, रात्री १०.४७ ची: ५.५०. मग आठवलं. त्या गेममध्ये डावीकडे एक छोटं बटण होतं, दाबलं की बोनस फेरी लागण्याची शक्यता वाढते आणि डाव २५ टक्क्यांनी महाग होतो. मी ४.४० वर होते. बटण दाबलं, एक स्पिन झाली, किंमत वाढलेली दिसली, लगेच बंद केलं. आठ हजारांतली ती एक स्पिन. मर्यादा ५ ची असेल तर गेमने ५.५० घ्यायलाच नको होते. तेवढं करणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी डाव घेतला, नोंद ठेवली आणि गप्प राहिले. हरले असते तर ते कलम कोणालाच आठवलं नसतं.

मग मी जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. पानाच्या तळाशी माल्टा या युरोपातल्या छोट्या देशाच्या गेमिंग प्राधिकरणाचं चिन्ह होतं, खाली परवाना क्रमांक. क्लिक केलं. काहीच उघडलं नाही, चित्र नुसतं मोठं झालं. खरं चिन्ह नियामकाच्या स्वतःच्या नोंदीवर घेऊन जातं. हे कुठून तरी उचलून चिकटवलेलं होतं. प्राधिकरणाच्या नोंदवहीत क्रमांक शोधला तर तो खरा निघाला, पण कंपनी वेगळी, आणि तिच्या नावावरच्या साइट्समध्ये ही साइट नाही. परवान्याचा खोटा दावा करणाऱ्या साइट्सची यादी माल्टाचं प्राधिकरण स्वतःच प्रसिद्ध करतं, हेही त्याच दिवशी कळलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

परवाना खरा असला म्हणून सगळे सारखे नसतात, ही गोष्ट निराळी. कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटावर वर्षानुवर्षं चार मुख्य परवानाधारक आणि त्यांच्या हाताखाली असंख्य उपपरवाने अशी रचना होती; तिथला नवा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. नुसता ‘परवाना आहे’ हा शब्द वाचून थांबू नका. तो कोणाचा, कुठला, आणि तक्रार केली तर ऐकून घेणारं कोणी आहे का, हे बघा. तुम्ही राहता तिथे हा खेळ कायदेशीर आहे का, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.

सगळ्यात लाज वाटते ती एका गोष्टीची. कार्डाचं स्टेटमेंट काढलं तर माझे २०० मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाच्या नावावर गेलेले. पहिल्याच दिवसापासून ती ओळ तिथे होती. दुसऱ्याच्या खात्यात दिसली असती तर मी लाल पेनाने गोल केला असता.

मैत्रिणीने परवा विचारलं, मग खरा कॅसिनो ओळखायचा कसा? मी तिला सांगितलं की शक्यतो त्या वाटेला जाऊच नकोस; गेलीसच तर बोनसला हात लावू नकोस, केवायसी आधी पूर्ण करून घे, सर्वांत कमी रक्कम भर, थोडं खेळ आणि उरलेले लगेच परत माग. किती दिवसांत येतात ते बघ. अटींचं पान त्याच दिवशी तारखेसकट जपून ठेव, माझ्या बाबतीत ते नंतर बदललं होतं. ती म्हणाली, एवढं करण्यात मजा काय उरली? तिचंही बरोबर आहे.

बँकेत तक्रार टाकली आहे. दुकानाच्या खोट्या नावामुळे निदान ते २०० परत मिळतील अशी आशा आहे. जिंकलेल्या पैशांचा विषय संपला असं मी धरून चालले होते. मग मागच्या आठवड्यात एक मेल आली. ‘कॅसिनोत अडकलेले पैसे परत मिळवून देणारी’ कुठलीशी संस्था. भाषा वकिली, सहानुभूतीही भरपूर, आणि काम सुरू करायला १५० आगाऊ. क्षणभर माझं बोट खरंच थांबलं होतं त्या लिंकवर. मग पहिली ओळ पुन्हा वाचली: “आपले १,८४० आम्ही मिळवून देऊ शकतो.”

हा आकडा मी तोवर कोणालाच सांगितला नव्हता. घरातसुद्धा मी ‘दोनशे गेले’ एवढंच म्हटलं होतं. बँकेच्या अर्जात फक्त डिपॉझिट लिहिलं होतं. १,८४० हा आकडा माझ्याखेरीज एकाच ठिकाणी होता.