आस्क लिब्रेऑफिस : आधी फाइल दाखवा, मग बोलू

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या तोंडावर एखादा अंक. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेली मी. पण हल्ली गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्येच पाठवतं आणि पेजमेकरला युनिकोड चालत नाही, तेव्हा रोजचं साधं काम वर्डसारख्या लिब्रेऑफिस रायटरवर नेलं. सॉफ्टवेअर फुकट आहे, मात्र अडलं तर ज्याला फोन लावावा असा विक्रेता नाही. अडचण विचारायची ती ‘आस्क लिब्रेऑफिस’ या मदतीच्या साइटवर. हे परीक्षण त्या साइटचं आहे, रायटरचं नाही.

साइट आहे बर्लिनच्या ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची. उत्तरं देणारे बहुतेक स्वयंसेवक. उत्तरांसाठी त्यांना पगार नाही, कुणाला तुमचं काम उद्या सकाळी छापायला जायचंय याची फिकीर नाही. हे एकदा पक्कं लक्षात घेतलं की तिथले रिवाज तुसडे वाटत नाहीत. पहिलाच प्रतिप्रश्न बहुधा असा येतो : कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, फाइल ओडीटी (रायटरची स्वतःची) की डॉकएक्स (वर्डची)? लोक ‘लेटेस्ट’ लिहून मोकळे होतात. त्याचा उपयोग शून्य, कारण 7.6 या आवृत्तीनंतर 2024 मध्ये आवृत्तीचे आकडे वर्षावर गेले आणि 24.2 आली, मेनूतल्या काही नोंदींची नावंही मधल्या काळात बदलली. हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये आवृत्तीच्या माहितीशेजारी कॉपीचं बटण आहे. ते दाबा, प्रश्नाखाली चिकटवा. एक फेरी वाचते, आणि युरोपातल्या माणसाशी बोलताना एक फेरी म्हणजे कधी कधी आख्खी रात्र.

प्रश्न लिहायची सोय मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. 2021 पासून ही साइट डिस्कोर्स या चर्चामंच चालवायच्या प्रणालीवर चालते. शीर्षक टाइप करायला लागलं की तशाच जुन्या प्रश्नांची यादी समोर येते, आणि माझे कितीतरी प्रश्न त्या यादीतच सुटले. पाठवायची वेळच आली नाही. म्हणून शीर्षकात ‘अर्जंट’ किंवा ‘प्लीज हेल्प’ घालू नये. त्या शब्दांवर शोध काय लागणार? लिहिता लिहिता मसुदा आपोआप जतन होतो. आमच्याकडे वीज कधीही जाते, तेव्हा या सोयीला माझे वेगळे गुण.

आता खरी ताकद. तिथे नमुना फाइल जोडता येते, आणि अनुभवी मंडळी ती मागतातच. सुरुवातीला हे मला कटकटीचं वाटायचं. स्क्रीनशॉट दिलाय की! पण स्क्रीनशॉटमध्ये फक्त दिसतं. फाइलच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

एका शाळेच्या स्मरणिकेचं उदाहरण सांगते. मजकुरात सगळीकडे आपला पाकळीचा ल आणि देठाचा श, पण मथळ्यांमध्ये हिंदी वळणाचे. फॉन्ट तोच, आकार वेगळा असला तरी कुळ तेच. मी फॉन्ट काढून पुन्हा टाकला, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलं. काही नाही. शेवटी दोन मथळे आणि दोन ओळींची फाइल करून साइटवर टाकली. उत्तर देणाऱ्याला देवनागरी वाचता येत नव्हती, तसं त्याने लिहिलंही. तरी त्याने फाइल उघडून सांगितलं की मथळ्यांवर भाषा हिंदी लागलेली आहे आणि खालच्या मजकुरावर मराठी. बरेचसे देवनागरी फॉन्ट दोन्ही वळणं बाळगून असतात आणि मजकुराला लावलेली भाषा बघून अक्षर निवडतात. शाळेच्या कारकुनाने मथळे दुसऱ्या मशीनवर टाइप केले होते, ती हिंदी तिथून आली. टूल्स, लँग्वेज, फॉर ऑल टेक्स्ट, मराठी. झालं. ज्याला ‘ल’ म्हणजे काय ते ठाऊक नाही त्याने माझा ‘ल’ दुरुस्त केला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

तसाच दुसरा नेहमीचा घोळ : स्टाइलमध्ये मराठीचा आकार 14 केला तरी मधले इंग्रजी शब्द 12 वरच राहतात. कारण रायटर पाश्चात्त्य लिपीचा फॉन्ट आणि आपल्यासारख्या लिप्यांचा फॉन्ट असे दोन वेगळे हिशेब ठेवतो. आपल्या लिप्यांना तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ म्हणतात. शोधताना ‘मराठी’ऐवजी हा शब्द किंवा त्याचं ‘सीटीएल’ हे लघुरूप टाका. अरबी, थाई, हिब्रूवाल्यांच्या त्याच दुखण्यांची उत्तरं हाती लागतात. मराठीचा निराळा विभाग मला तिथे दिसला नाही; मी इंग्रजी विभागात लिहिते. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे, पण फाइल सोबत असली की चार वाक्यं पुरतात.

फाइल सर्वांना दिसते, हे मात्र विसरू नका. पत्रिकेतली नावं, मोबाइल नंबर, अहवालातली सभासदांची यादी काढून टाका आणि जिथे बिघाड दिसतो तेवढाच तुकडा ठेवा. गंमत म्हणजे तुकडा करता करता कधी कधी बिघाड नाहीसा होतो, आणि मग कळतं की दोष त्या परिच्छेदात नव्हता, वरच्या तक्त्यात होता.

नवख्याला गोंधळात टाकते ती दोन बटणांची जोडी. ‘सजेस्ट अ सोल्युशन’ हे उत्तरासाठी आणि ‘कमेंट’ हे बाकी बोलण्यासाठी. आपल्याच प्रश्नावर आणखी माहिती द्यायची तर कमेंट, नाहीतर पेन्सिलीच्या खुणेवरून मूळ प्रश्नच सुधारायचा. नावं तशी स्पष्ट आहेत, पण घाईत डोळा मोठ्या बटणावर जातो आणि ‘धन्यवाद, करून बघते’ हे उपाय म्हणून नोंदलं जातं. ही मांडणी मला पटलेली नाही. उपाय लागू पडला की टिक करणं मात्र प्रश्नकर्त्याचं काम, आणि ते करावंच. पुढच्या माणसाला शोधात हिरवी खूण दिसते.

डिस्कोर्समध्ये डिस्कोबॉट नावाचा एक शिकवणारा यांत्रिक मास्तरही असतो. मी त्याची शिकवणी डिस्कोर्सवरच्याच दुसऱ्या एका साइटवर घेतली. बुकमार्क कर, ठळक कर, अमक्याचं वाक्य उद्धृत कर, असे एकेक धडे तो संदेशातून देतो, जमलं की पुढे सरकतो आणि शेवटी प्रमाणपत्र देतो. फासे टाकायला सांगितलं तर तेही टाकतो, कशासाठी कोण जाणे. उद्धृत करायचा धडा सोडू नका. लांब चर्चेत कुणाच्या कुठल्या वाक्याला उत्तर देतोय ते त्यामुळे कळतं. इमोजीचा धडा सोडला तरी चालेल.

नव्या खात्यावर काही बंधनं असतात, लिंका आणि चित्रं मोजकीच टाकता येतात. जाहिरातबाजांसाठी आहे ते. वाचत राहिलं की हळूहळू आपोआप उठतं, कुणाकडे अर्ज करावा लागत नाही.

आणि एक. सॉफ्टवेअरमध्येच दोष निघाला तर तो इथे दुरुस्त होत नाही. त्यासाठी फाउंडेशनची बगझिला ही वेगळी जागा, वेगळं खातं. तिथे तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक परत इथे आणून टाकायची पद्धत आहे.

पाचपैकी चार. एक कापला तो त्या बटणांपायी. संध्याकाळी पत्रिका द्यायची आहे आणि छापखाना थांबलाय, अशा वेळी इथे येऊ नका. शेजारच्या दुकानदाराला गाठा. पण तीच अडचण दर महिन्याला येत असेल, तर निवांत दुपारी दोन ओळींची फाइल करून टाकून द्या.