औसा रोडवरचा गणिताचा क्लास, लहान लेकरांसाठी एकदम भारी

लेकीच्या डोक्यावरून पदावली (एकाच गणितात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार) चालली होती म्हणून लातूरला औसा रोडवरच्या एका घरगुती क्लासला टाकलं. मॅडम लई निवांत समजावतात. कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) नुसतं पाठ केलं की लेकरं 8 − 3 + 2 मधे बेरीज आधी करून 3 उत्तर काढतात, तर मॅडमनी फळ्यावर 8 गोळे काढले, 3 पुसले, 2 परत काढले, मोजा म्हणल्या, भरले 7! बेरीज-वजाबाकी दोघींचा मान सारखाच, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची, भागाकार-गुणाकाराचं पण तसंच, म्हणूनच 12 ÷ 3 × 2 चे 8 येतात, 2 नाही. इतकं फोडून कोण सांगतंय हो आजकाल! बॅचमधे गर्दी जरा जास्त आहे, मागच्यांना फळा नीट दिसत नाही. फी वाजवी. स्कॉलरशिप परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर डोळे झाकून पाठवा.