ओव्ह्युलेशन स्ट्रिप्स आणि बेसल थर्मामीटर: आठ महिने वापरल्यावर

आम्ही मूल व्हावं म्हणून प्रयत्न करतोय आणि बीज कधी सुटतं, म्हणजे ओव्ह्युलेशन कधी होतं, ते ओळखायला ह्या दोन वस्तू घेतल्या होत्या. त्यातलं थर्मामीटर सायकलच्या (पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून) बरोबर विसाव्या दिवशी बंद पडलं म्हणून हे लिहायला बसलेय. दहाव्या दिवशी पडलं असतं तर एवढा संताप झाला नसता, पण ज्या तीन सकाळी तापमानाचा आकडा चढतो की नाही ते बघायचं असतं नेमक्या त्याच तीन सकाळी स्क्रीन कोरी.

दिवाळीच्या सेलमध्ये कॉम्बो घेतला होता. 50 एलएच स्ट्रिप्स (बीज सुटायच्या आधी वाढणारं एलएच हे हार्मोन लघवीत पकडणाऱ्या), एक बेसल थर्मामीटर (सकाळी उठायच्या आधीचं तापमान बारकाईने मोजणारं) आणि सोबत त्यांचं अ‍ॅप, सगळं मिळून साडेसोळाशे रुपये. मेडिकलमध्ये पाच स्ट्रिप्सचं पाकीट चारशेच्या आसपास सांगत होते, त्यामुळे हिशोब करून कॉम्बोच परवडला. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि फीचर्सही सांगत बसत नाही, जे चान्स घेतायत त्यांनी हे सगळं पाहिलेलंच असतं. घेतलं तेव्हा मी 34 ची होते, मार्चमध्ये 35 पूर्ण झाली.

आधी स्ट्रिप्सबद्दल. पहिल्या महिन्यात दोन लाईन दिसल्या आणि मी आनंदाने नवऱ्याला ऑफिसमध्ये फोन केला. मग कळलं की प्रेग्नन्सी टेस्टसारखं हे नसतं, तिथे फिकट लाईनही चालते, इथे टेस्ट लाईन ही कंट्रोल लाईन, म्हणजे स्ट्रिप नीट चालतेय हे दाखवणारी, तिच्याएवढी किंवा तिच्यापेक्षा गडद लागते, कारण एलएच थोडं तर अंगात रोजच असतं. दुसऱ्या महिन्यात गडद लाईन आलीच नाही, रोज एक स्ट्रिप वाया, आणि मी मनात पक्कं केलं की माल खराब आहे. रिटर्नची मुदत संपलेली म्हणून राहिलं, नाहीतर तेव्हाच एक स्टार देऊन मोकळी झाले असते.

ते मत बदललं नेरूळच्या जाऊबाईंमुळे. त्यांनी विचारलं, "अगं, किती वाजता करतेस?" मी म्हटलं सकाळी उठल्या उठल्या, पहिल्या लघवीचं. त्या म्हणाल्या, "सकाळचं नको करूस, दुपारी कर, आणि त्याआधी दोन तास पाणी नको." एलएच बऱ्याचदा पहाटे वाढायला लागतं आणि लघवीत उतरायला काही तास जातात, म्हणून पहाटेच्या सॅम्पलमध्ये ते निसटू शकतं. हे बॉक्समधल्या कागदावर होतं, पण इतक्या बारीक इंग्रजी अक्षरात की मी वाचलंच नव्हतं.

मग ऐरोलीच्या ऑफिसमध्ये सुरू केलं. सव्वाबारानंतर पाणी बंद, चहा बंद, सव्वादोनला वॉशरूम. कागदी कप, स्ट्रिप मॅक्सच्या रेघेपर्यंत बुडवायची, मग फ्लशच्या टाकीवर टिश्यू पसरून त्यावर आडवी ठेवायची आणि फोनवर पाच मिनिटांचा टायमर सायलेंटवर. दहा मिनिटांनंतरची लाईन धरायची नाही. बाहेर कोणीतरी दार वाजवतंय आणि आत मी त्या गुलाबी रेघेकडे बघत उभी. मे महिन्यात दोन तास पाण्याशिवाय काढणं सोपं नव्हतं, ठाणे स्टेशनहून कासारवडवलीपर्यंत त्या उन्हात बस, घरी पोचेपर्यंत डोकं धरायचं. पण तिसऱ्या महिन्यात एकोणिसाव्या दिवशी टेस्ट लाईन कंट्रोलपेक्षा गडद आली आणि त्यानंतर प्रत्येक सायकलला 18 ते 20 मध्येच आली. तेव्हा स्ट्रिप्सना चार स्टार, मनापासून.

अ‍ॅपला मात्र एकच. सुरुवातीला सायकल किती दिवसांची विचारतं, तिथे 28 आधीच भरलेलं असतं, मी तसंच पुढे गेले. माझी पाळी 32 ते 34 दिवसांनी येते. बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींचा साधारण दोन आठवड्यांचा असतो, कमीजास्त होतो तो त्याच्या आधीचा भाग. म्हणजे 33 मधून 14 गेले की माझा दिवस 19 च्या आसपास, चौदावा नाहीच. अ‍ॅप दहा ते पंधराला हिरवं दाखवत होतं. स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे खरे दिवस म्हणजे बीज सुटायच्या आधीचे पाच आणि तो एक. ज्या दिवसांसाठी आम्ही सुट्ट्या जुळवल्या, नवऱ्याने पुण्याची ट्रिप पुढे ढकलली, ते बरेचसे चुकीचेच दिवस होते. स्ट्रिपचा फोटो काढून वाचायचं फीचर वर्षाला 499 देऊन मिळतं, मी नाही घेतलं. डोळ्यांना दिसतंय त्याला पैसे कशाला. आता वहीत लिहिते.

आता थर्मामीटर. ह्याच्यावर जास्त लिहिणार आहे कारण ह्यानेच जास्त छळलंय.

ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन ह्या हार्मोनमुळे अंगाचं तापमान थोडंसं चढतं, 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअस, आणि पाळीपर्यंत वरच राहतं. एवढा बारीक फरक पकडायचा म्हणून दोन दशांश दाखवणारं थर्मामीटर लागतं, ह्या वस्तूचा जीवच त्या दुसऱ्या आकड्यात आहे. रोज पावणेसहाला, डोळे उघडले की उठायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, जिभेखाली. 36.41, 36.38, 36.44, आणि मग तीन दिवस 36.63, 36.68, 36.66. फेब्रुवारीत तो चढ पहिल्यांदा वहीत दिसला तेव्हा मी बराच वेळ ते पान बघत बसले होते. स्ट्रिप फक्त सांगते की अंग तयारी करतंय, साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटेल. सुटलं का, ते तापमान सांगतं. पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) असेल तर एलएच आधीच चढलेलं असू शकतं आणि स्ट्रिप उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, तिथे तर ह्या चढाची जास्तच गरज. तक्रार एवढीच की तो चढ दिसतो तेव्हा ते दिवस निघून गेलेले असतात. उशिरा झोपलं, रात्री दोनदा उठलं, सर्दी झाली, की आकडा बिघडतो.

तर जूनमध्ये स्क्रीन गेली. वॉरंटी एक वर्षाची. पहिल्या फोनला म्हणाले बॅटरी वॉरंटीत येत नाही. नवऱ्याने घड्याळाच्या स्क्रू ड्रायव्हरने मागचं झाकण उघडून नवीन सेल टाकला, तरी बंदच, मग परत फोन. मग म्हणाले अनबॉक्सिंगचा व्हिडिओ द्या. आठ महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ कोण ठेवतं? चौथ्या फोननंतर रिप्लेसमेंट आलं आणि उघडलं तर साधं तापाचं थर्मामीटर. एकच दशांश, फॅरनहाइट करायला बटण नाही, पाकिटावर अधिक-उणे 0.1. माझा अख्खा चढच पाव अंशाचा. त्यावर सकाळी 36.5, 36.5, 36.6, 36.5. ह्यातून काय कळणार?

परत फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, बुखार तो बराबर दिखा रहा है ना?" मी त्याला नीट सांगितलं की ताप बघायला नाही घेतलं, आम्ही मूल व्हावं म्हणून प्रयत्न करतोय, दुसरा आकडा नसेल तर माझा पूर्ण महिना जातो. घरात सासूबाई होत्या, त्यांनीही ऐकलं. एवढं बोलल्यावर त्याने तिकीट बंद केलं, "रिझॉल्व्ड" असा मेसेज. मग 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली. आठ दिवसांत ईमेल आला की थर्मामीटरचे पैसे परत करतोय. ज्यांची अशी अडवणूक होतेय त्यांनी कस्टमर केअरशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, सरळ तिथे नोंदवा.

इथपर्यंत जूनच्या शेवटी लिहून ठेवलं होतं आणि थर्मामीटरला एक स्टार देणार होते. आता दोन देतेय, कारण मध्ये डॉक्टरकडे जाऊन आलो.

नौपाड्यातल्या मॅडमनी वही बघितली, चार महिन्यांचे चढ बघून म्हणाल्या बीज बहुतेक वेळेवर सुटतंय, आता हे रोज मोजायची गरज नाही, दोन-तीन सायकल पुरे असतात. मग विचारलं, "ह्यांचा रिपोर्ट कुठाय?" म्हणजे नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा. आमच्याकडे नव्हता. आठ महिने मी माझ्याच रेघा आणि माझेच आकडे बघत होते. मूल न राहणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडूनही काही ना काही बाजू असते, आणि ती तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण सगळे म्हणत होते वर्षभर तरी थांबा आणि मी थांबले. वर्षभर हे 35 च्या आतल्यांसाठी. 35 झाल्यावर सहा महिन्यांत जायचं असतं, पाळी अनियमित असेल तर त्याही आधी.

फॉलिक अ‍ॅसिडचंही तेच. रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान एक महिना आधीपासून, कारण बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, तोवर कित्येकींना कळलेलंही नसतं. साडेसोळाशेच्या बॉक्समध्ये हे सांगणारी एक चिठ्ठी टाकली असती तर काय बिघडलं असतं? मला डायबेटिस नाही, आधीच्या गरोदरपणात बाळाच्या मेंदू-मणक्यात दोष आल्याचा इतिहास नाही म्हणून 400, ज्यांना आहे त्यांनी डॉक्टरना विचारूनच डोस घ्या.

नवरा संबंधांत तीन दिवसांचं अंतर ठेवून सकाळी सातला लॅबला गेला, एका शब्दाने कुरकुर केली नाही. शुक्राणूंची संख्या बरी आहे, हालचाल कमी आली. मॅडम म्हणाल्या एका रिपोर्टवर काही ठरत नाही, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी परत. त्याने सिगारेट सोडली, लॅपटॉप मांडीवरून टेबलावर गेला. माझं थायरॉईड नॉर्मल, एएमएच ही रक्ततपासणी वयाच्या मानाने ठीक. त्यातून बीजं किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज येतो, कशी आहेत ते कळत नाही. प्रोजेस्टेरॉनची टेस्ट लॅबवाला एकविसाव्या दिवशी करू म्हणत होता, पण ती पाळीच्या सात दिवस आधी हवी, माझ्यासाठी म्हणजे सव्विसाव्या दिवशी. ते मला त्या वहीमुळेच सांगता आलं, म्हणून तो दुसरा स्टार.

आता फक्त स्ट्रिप्स चालू आहेत, चौदाव्या दिवसापासून. आज सतरावा. दुपारी लाईन फिकट होती. थर्मामीटरचे पैसे अजून खात्यात आलेले नाहीत, आले की इथेच लिहीन.