मुखवटा घरात उतरवावा की नाही?

मुखवटा घालून फिरणारा नायक लिहायला घेतला, की हा प्रश्न फार काळ लांबवता येत नाही. तो कोण आहे हे त्याच्या बायकोला, आईला, जिवाभावाच्या मित्राला ठाऊक असावं की नसावं? हे ठरत नाही तोवर घरातला एकही प्रसंग नीट उतरत नाही, कारण दार उघडून आत आल्यावर तो काय बोलणार, तेच आपल्याला माहीत नसतं. या एका प्रश्नापायी मी तीस प्रकरणांची कादंबरी दोनदा लिहिली. पहिल्या खर्ड्यात नायकाच्या बायकोला शेवटच्या प्रकरणापर्यंत कशाचा पत्ता नव्हता. दुसऱ्यात तिला सहाव्या प्रकरणातच कळतं. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण लपवण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही.

लपवण्यातली सगळ्यात मोठी कमाई म्हणजे वाचकाला ठाऊक आणि पात्राला नाही, ही स्थिती. १९३८ साली सुपरमॅन आला तेव्हापासून पत्रकार लोइस लेन, तिचा सहकारी क्लार्क केंट (म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅनच) आणि सुपरमॅन हा जो त्रिकोण तयार झाला, त्यात माणसं दोनच आहेत. ती एकाच्या प्रेमात आहे आणि त्याच माणसाला दुसऱ्या रूपात हिंग लावून विचारत नाही. या एका गाठीवर पन्नास वर्षांहून जास्त काळ गोष्टी निघाल्या. क्लार्कने लोइसला स्वतःहून सांगितलं ते फेब्रुवारी १९९१च्या अंकात, तेही साखरपुडा झाल्यावर. एवढा काळ जे इंजिन चाललं त्याला कुचकामी म्हणणं बरोबर होणार नाही.

दुसरी कमाई एकटेपणाची. बरगडी मोडलेला माणूस जेवायच्या टेबलाशी सरळ बसतो, हसतो, मुलाच्या शाळेची चौकशी करतो आणि श्वास आत घेताना तेवढा थांबतो. हा प्रसंग जिवंत आहे आणि गुपिताशिवाय तो होत नाही. मात्र माझ्या अनुभवात तो एकदाच चालतो. दुसऱ्यांदा आला की वाचकाचं लक्ष बरगडीवरून उडून समोर बसलेल्या बायकोकडे जातं, आणि हिला दिसत कसं नाही, असं त्याला वाटू लागतं.

लपवणाऱ्यांचा नेहमीचा मुद्दा सुरक्षिततेचा. ‘तिला कळलं तर तिच्या जिवाला धोका’ हे वाक्य इतक्या नायकांच्या तोंडी आलं आहे की ते तपासून घ्यायचं आपण विसरतो. स्पायडरमॅनच्या प्रेयसीचं, ग्वेन स्टेसीचं उदाहरण बघा. पीटर पार्कर हाच स्पायडरमॅन आहे हे तिला ठाऊक नव्हतं. त्याच्या शत्रूला, ग्रीन गॉब्लिनला, ठाऊक होतं. १९७३ साली ती पुलावरून पडून मेली, आणि आपण कुणामुळे आणि कशासाठी मरतो आहोत हे तिला कळलंही नाही. गुपित शत्रूपाशी होतं, नव्हतं फक्त तिच्यापाशी. शत्रू पत्ता काढताना नायकाने घरी काय सांगितलंय याची चौकशी करत बसत नाही. अंधारात ठेवलेल्या माणसाला पळायचीही संधी मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

याहून जुनं उदाहरण स्कार्लेट पिंपर्नेलचं, १९०५ सालच्या कादंबरीतलं. दुहेरी ओळखीच्या नायकांचा तो पूर्वजच म्हणावा लागेल. त्यातला नायक सर पर्सी बायकोपासूनही आपली ओळख लपवतो. तिच्या भावाचा जीव टांगणीला लागतो तेव्हा ती शत्रूला एक धागा देऊन बसते, आणि तो धागा थेट तिच्या नवऱ्यापर्यंत पोचतो. तिला माहीत असतं तर हे घडलं नसतं. अर्थात, तिच्यावर भरवसा न ठेवायला पर्सीपाशी खरं कारण होतं, आणि म्हणूनच तिथे गुपित पटतं. लपवायचंच असेल तर असं, त्या एका माणसापुरतं आणि त्याच्याच वागण्यातून आलेलं कारण हवं. ‘तुझ्या भल्यासाठी’ एवढ्यावर भागत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो.

माझ्या नायकाची बायको कॅज्युअल्टीत नर्स आहे. सहाव्या प्रकरणात तो दंडावर चाकूचा वार घेऊन घरी येतो. ती बाही वर सरकवते, तो म्हणतो, “कपाटाचा कोपरा लागला.” ती म्हणते, “बघून चालत जा जरा,” आणि पट्टी बांधते. पहिल्या खर्ड्यात मी हे असं लिहिलं आणि पुढे गेलो. पण ते पान खुपत राहिलं. चाकूची जखम सरळ असते, तिच्या कडा स्वच्छ असतात. आपटल्याने फाटलेली जखम वेडीवाकडी असते आणि तिच्या कडांशी ठेचल्याचे वळ दिसतात. रात्रपाळीत असल्या जखमा धुणाऱ्या बाईला हे समजायला क्षणसुद्धा लागत नाही. तिला ते समजू नये म्हणून मला तिची नोकरीच पुसावी लागत होती. कागदावर ती नर्स राहिली, पण घरात आल्यावर तिचे डोळे मी काढून घेतले.

तिथून पुढे थापांचा हिशेब सुरू झाला. एकच थाप दोनदा येऊ नये म्हणून मी वेगळी वही केली. ऑफिसात थांबावं लागलं, मित्राला ताप होता, गाडी बंद पडली, फोनची बॅटरी गेली. विसाव्या प्रकरणापर्यंत सतरा थापा झाल्या. थापा सुचण्याचा त्रास नव्हता, त्या सुचत होत्या. प्रत्येक थाप पचावी म्हणून तिला दरवेळी थोडं आणखी भोळं करावं लागत होतं, त्याचा त्रास होता. तिसऱ्या प्रकरणात जी बाई डॉक्टरची चूक पकडते, ती सोळाव्या प्रकरणात नवऱ्याच्या मानेवरचा दोरीचा वळ बघून “मफलर घट्ट बांधू नकोस” म्हणते. हे मला लिहवेना. आणि नायकाचंही काही बरं चाललं नव्हतं. सतराव्यांदा सफाईने खोटं बोलणारा माणूस रस्त्यावर कितीही शूर असला, तरी घरातलं त्याचं प्रत्येक वाक्य वाचक पारखून घेऊ लागतो. “आवडतेस मला तू,” हे वाक्यसुद्धा.

तुमच्या गोष्टीत असं होईलच असं नाही. ज्याला सांगायचं ते माणूस दूर राहत असेल, महिन्यातून एकदा भेटत असेल, तर थापा दोन-तीनच लागतात आणि खपून जातात. कथा छोटी असेल तर गुपित शेवटपर्यंत खुशाल ठेवावं, मीही ठेवीन. अडचण एका छपराखाली राहणाऱ्यांची आहे. कपडे धुणारं, जखम बघणारं, रात्री उशीशेजारची जागा रिकामी आहे हे हाताला जाणवणारं माणूस वर्षानुवर्षं आंधळं राहत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात तोच प्रसंग घेतला. ती बाही वर सरकवते. बघते. काही न बोलता आत जाऊन टाक्यांचं सामान घेऊन येते. तो “कपाटाचा...” म्हणेपर्यंत ती म्हणते, “आधी बस. हा वार आहे. किती जण होते?” इथे त्याने सांगितलं असं म्हणता येत नाही, तिने ओळखलं. मला ही वाट सर्वांत जास्त आवडते. स्पायडरमॅनच्या मेरी जेननेही १९८४ साली पीटरला सांगितलं ते हेच, की मला केव्हापासूनच ठाऊक आहे. त्या एका वाक्यासरशी ती आधीच्या सगळ्या अंकांत शहाणी ठरते.

आणि मग जे उघडलं त्याची मला कल्पना नव्हती. चौदाव्या प्रकरणात नायकाने बदडलेला एक गुंड तिच्याच कॅज्युअल्टीत येतो. जबडा मोडलेला, डोळा सुजलेला. त्याच्या तोंडातलं रक्त टिपताना ही मूठ कुणाची, हे तिला माहीत आहे. काल रात्री त्याच मुठीच्या सोललेल्या बोटांना तिने मलम लावलं होतं. पोरगा विशीतला आहे, आईला बोलवा म्हणतो. पाळी संपवून ती घरी येते आणि नवऱ्याशी दोन दिवस बोलत नाही. पहिल्या खर्ड्यात हे प्रकरण असूच शकत नव्हतं. तिथे तो गुंड तिच्यासाठी रांगेतला आणखी एक पेशंट झाला असता. माहिती असण्याचं हे ओझं तिच्यावर आलं आणि गोष्ट पहिल्यांदाच दोघांची झाली.

महाभारतात अज्ञातवासाचं वर्ष हे गुपिताचंच वर्ष आहे. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास, इतकी कडक अट. तरीही ते गुपित पाच भाऊ आणि द्रौपदी यांच्यात वाटलेलं आहे. कीचक छळू लागतो तेव्हा सैरंध्री झालेली द्रौपदी रात्री मुदपाकखान्यात बल्लवाकडे जाते, कारण हा आचारी भीम आहे हे तिला माहीत आहे. तिथे गाठ आणखी घट्ट होते. भीमाने काही केलं तर ओळख फुटणार, नाही केलं तर तिचा अपमान गिळायचा. गुपित माहीत असलेलं माणूस गोष्टीतली उत्कंठा मारतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, आठवत असेल. १९३६ पासूनचं हे पात्र, आणि वाचकाला त्याचा उघडा चेहरा कधी दाखवलेला नाही. मुखवटा नसतो तेव्हा काळा चष्मा असतो. त्याच्या प्रेयसीला, डायनाला, मात्र तो चेहरा ठाऊक आहे. १९७७ साली त्यांचं लग्नही झालं. गूढ शिल्लक राहिलं ते वाचकापुरतं, आणि तिला आंधळी करावी लागली नाही. मुखवट्याचं सर्वांत सुंदर वाटप मला हेच वाटतं.

सांगण्याच्या बाजूला काटे नाहीत असं नाही. पहिला म्हणजे, सांगितलेलं परत घेता येत नाही. घ्यायला गेलं की लेखकाला स्मृती पुसावी लागते. १९८०च्या ‘सुपरमॅन २’ या चित्रपटात क्लार्क एका चुंबनाने लोइसच्या मनातून सगळं काढून टाकतो. तिला न विचारता. स्पायडरमॅनच्या २०२१च्या चित्रपटात तर सगळ्या जगालाच पीटर पार्करचा विसर पडतो. तिथे किमान त्याची किंमत पीटर स्वतः मोजतो, म्हणून ते मनाला लागतं. तेव्हा मागे फिरायची थोडी जरी शक्यता वाटत असेल, तर सांगण्याआधी चार वेळा विचार करावा.

दुसरा काटा मला स्वतःला टोचला. ज्याला कळतं ते पात्र खुर्चीत जाऊन बसतं. फोन हातात, डोळे घड्याळाकडे, आणि तोंडी एकच वाक्य, “आज जाऊ नकोस.” दुसऱ्या खर्ड्यात सलग तीन प्रकरणं माझी नायिका अशी बसून होती. मग तिला नकार द्यायला लावला. “यापुढे मी टाके घालणार नाही,” एवढंच ती म्हणते, आणि त्याला दुसरा माणूस शोधावा लागतो. माहिती दिली तर त्या माहितीवर वागायची मुभाही द्यावी लागते.

आणखी एक, घरी सांगणं आणि जगाला सांगणं यांत गल्लत होते. पीटर पार्करने २००६ साली पत्रकारांसमोर मुखवटा काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी झाडलेली गोळी मे काकूला लागली. ‘सांगण्याचे परिणाम बघा’ म्हणून हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. पण तो परिणाम जगाला सांगण्याचा होता. मे काकूला घरी कळलं होतं त्याच्या आधी, २००१ साली. फाटक्या पोशाखात, मार खाऊन झोपलेला पुतण्या तिने पाहिला. त्यानंतरचा एक पूर्ण अंक म्हणजे नुसतं दोघांचं बोलणं आहे. काका गेला तो माझ्यामुळे, असं पीटर सांगतो. ती सांगते की त्या रात्री आमचं भांडण झालं होतं, म्हणून तो बाहेर पडला, आणि मी इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत आले. १९६२ पासून दोघं एकाच दुःखाची दोन टोकं धरून बसली होती. गुपिताने तिला वाचवलं नव्हतं, तिचा अर्धा भार तेवढा हलका व्हायचा राहिला होता.

वेळेबद्दल थोडंसं. माझ्या मते गोष्टीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात कळलेलं बरं. शेवटी कळलं तर तो फक्त धक्का उरतो. कुंतीने कर्णाला युद्धाआधी सांगितलं, पांडवांना मात्र युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी. ज्याला मारलं तो थोरला भाऊ होता, हे मारून झाल्यावर कळून युधिष्ठिराच्या हाती शोक आणि संताप याशिवाय काय राहिलं? शोकांतिकाच लिहायची असेल तर हा उशीर योग्यच आहे. नसेल, तर माणसांना काही करता येईल एवढा वेळ हाताशी ठेवून कळू द्यावं.

आणि सगळ्यांना एकदम नको. एकालाच. लहान मुलांना तर नकोच, पोराच्या पाठीवर असलं ओझं देणारा नायक मला आवडत नाही.

माझ्या नायकाच्या आईचं मात्र अजून ठरत नाही. दुसऱ्या खर्ड्यातही तिला काही माहीत नाही. ती एकटी राहते, तिच्या हाती करण्यासारखं काही नाही, नुसती रात्ररात्र जागी राहील असं वाटून मी थांबलो. मे काकूचा तो अंक आठवला की हे कारणही ‘तुझ्या भल्यासाठी’च्याच घरातलं वाटतं. अठ्ठाविसाव्या प्रकरणात ती त्याच्या हाताकडे बघून विचारते, “बोटं सोलली कशाने रे?” त्याच्या उत्तराची ओळ मी तीनदा लिहून खोडली आहे, आणि सध्या तिथे कोरी जागा आहे.