पन्नास गुणांचे बारा हजार डॉलर

कॅनडात कायम राहायला मिळावं म्हणून एका एजंटला दिलेले बारा हजार कॅनेडियन डॉलर. दोन हप्त्यांत, दोन्ही रोख, पावती नाही. आकडा आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना "याला एवढंही कसं कळलं नाही" असं वाटेलच, मलाही वाटतं.

ऑगस्ट २०२४. वर्क परमिट संपायला दहा महिने, एक्सप्रेस एंट्रीतला, म्हणजे कायम रहिवासासाठी गुण देणाऱ्या सरकारी रांगेतला, स्कोअर ४८७, आणि कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासचे (कॅनडात कामाचा अनुभव असलेल्यांना अर्जाचं इन्व्हिटेशन द्यायचे) ड्रॉ पाचशे गुणांच्या खाली यायला तयार नव्हते. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधल्या एका प्लाझात, वरच्या मजल्यावर या एजंट गृहस्थांचं ऑफिस. मराठी माणूस, मला पहिल्या भेटीतच "अरे, आपल्या घरचं काम समज" म्हणाले. मीही त्यांना दादा म्हणायला लागलो.

दादांनी खोटं काही दाखवलं नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यांनी इमिग्रेशन खात्याची वेबसाइटच उघडली आणि बोट ठेवलं: एलएमआयए (मालकाला परदेशी कामगार घ्यायची सरकारी मंजुरी) असलेल्या नोकरीच्या ऑफरला ५० गुण. "ही सरकारची गाईडलाईन. ऑफिसरची मर्जी चालतच नाही इथे." मग कॅल्क्युलेटरवर ४८७ अधिक ५० करून फोन माझ्याकडे फिरवला. ५३७. मी त्या आकड्याचा फोटो काढला आणि घरी पाठवला.

अशा ऑफरचा भाव पंचवीस हजार. "मालकाला सरकारी फी, जाहिराती, हे सगळं कोण भरणार?" हे तेव्हा पटलं. ती सरकारी फी एका जागेमागे हजार डॉलर असते, ती मालकानेच भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. हेही त्याच वेबसाइटवर आहे. दादांनी ते पान उघडलं नाही आणि मी शोधलं नाही. आठ हजार दिले.

डिसेंबरमध्ये बातमी आली की नोकरीच्या ऑफरचे गुण बंद होणार. धावत गेलो. दादा हसले. "अरे, ती नुसती गाईडलाईन आहे. कायदा थोडाच बदललाय? जुन्या लोकांना लागत नाही." ऑगस्टमध्ये जिच्यापुढे ऑफिसरचंही चालत नव्हतं, ती गाईडलाईन डिसेंबरात 'नुसती' झाली. मी मात्र जानेवारीत आणखी चार हजार दिले. घाबरलेला माणूस उलट प्रश्न विचारत नाही.

फेब्रुवारीत नोकरीच्या ऑफरचं पत्र आलं: एका रेस्टॉरंटमध्ये फूड सर्व्हिस सुपरवायझर, सरकारच्या व्यवसाय-यादीतला कोड ६२०२०. मी गोदामात स्टॉक मोजणारा माणूस. "तिथे कामाला जायचंय?" विचारलं, तर "कागदावर रे" असं उत्तर. महिन्याभराने, २५ मार्च २०२५ ला, स्कोअर पुन्हा ४८७. इन्व्हिटेशन न मिळालेल्या सगळ्यांचेच ते गुण गेले होते.

त्यानंतर वकिलाकडे गेलो, म्हणजे जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते शेवटी केलं. त्यांनी दहा मिनिटांत गुंता सोडवला. आपण ज्याला सरसकट गाईडलाईन म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सप्रेस एंट्रीचे गुण मंत्र्यांच्या निर्देशांनी ठरतात. त्यांना कायद्याचाच आधार असतो, ते बदलले की रांगेतल्या सगळ्यांना लागू. दुसऱ्या म्हणजे ऑफिसरांसाठीच्या कामकाजाच्या सूचना. त्या कायदा नाहीत. २०१५ मध्ये कंथसामी खटल्यात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ऑफिसरने अशा सूचनांना दगडावरची रेघ समजू नये. पण रोजचे निर्णय त्यांच्याच चौकटीत होतात. अनुभव मोजताना नुसतं पद बघत नाहीत, त्या कोडमधली कामं खरोखर केलीत का, पगाराच्या स्लिपा आणि टॅक्सचे कागद जुळतात का, हे बघतात. माझं पत्र तिथे दोन मिनिटं टिकलं नसतं.

आणि खोट्या ऑफरवर अर्ज गेला असता, तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं दार बंद. मधल्या काळात माझ्या स्कोअरचा ड्रॉ लागला नाही, म्हणून वाचलो. बाकी सगळं हुकल्यावर हुकलेल्या ड्रॉचाही आनंद होतो.

वकिलांनी विचारलं, "त्यांनी प्रतिनिधी म्हणून फॉर्मवर सही केली होती का?" नव्हती. खातं मीच उघडल्यासारखं दाखवलं होतं, पासवर्ड मात्र त्यांच्याकडे. इमिग्रेशन कन्सल्टंटना परवाना देणाऱ्या संस्थेच्या ('कॉलेज'च्या) यादीत त्यांचं नाव शोधलं. सार्वजनिक यादी आहे, फुकट बघता येते, अर्धा मिनिट लागतो. नाव नव्हतं. बारा हजार देण्याआधी हा अर्धा मिनिट मला मिळाला नव्हता.

ऑफर प्रोफाइलमधून काढली आणि बॉर्डर सर्व्हिसेसला, म्हणजे कॅनडाच्या सीमा खात्याला, कळवलं. त्यांनी पैशांचा पुरावा मागितला. माझ्याकडे कॅल्क्युलेटरवरच्या ५३७ चा फोटो होता, तो पाठवला.