लेट्रोझोल चालेनासं झालं, मग पुढची गोळी कुठली?

मावशीला हाडात पसरलेला, हार्मोनवर वाढणारा ब्रेस्ट कॅन्सर. तिचं लेट्रोझोल (हार्मोनची गोळी) आणि पाल्बोसिक्लिब (कॅन्सरच्या पेशी वाढू न देणारी गोळी) दोन वर्षं मस्त चाललं, मग स्कॅनमध्ये हाडातला डाग वाढलेला दिसला. घरात लगेच केमोचा विषय सुरू, पण लिव्हर वगैरे झपाट्याने बिघडत नसेल तर आधी अजून गोळ्या असतात. आमच्यासमोर काय काय आलं ते लिहितेय, हर-टू निगेटिव्ह वाल्यांसाठीच हं, म्हणजे ज्यांच्या गाठीत हर-टू हे प्रोटीन वाढलेलं नाही.

पहिलं म्हणजे म्युटेशनची, म्हणजे कॅन्सरच्या जीनमधल्या बदलाची टेस्ट, आणि ती ताज्या रक्ताची, नुसत्या जुन्या बायोप्सीच्या ब्लॉकवर भागवू नका. कारण ईएसआर१ हे म्युटेशन बहुतेकदा लेट्रोझोल घेता घेताच तयार होतं. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनू देत नाही, पण हे म्युटेशन आलं की पेशीतला इस्ट्रोजेन पकडणारा रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच चालू, म्हणजे सिलेंडर काढला तरी शेगडी पेटलेलीच. तिथे एलासेस्ट्रंट ही गोळी, अमेरिकेत २०२३ ला मंजूर झालेली, रोज एकदा घ्यायची, मळमळ होते. ट्रायलमध्ये ईएसआर१ वाल्यांचा आजार ३.८ महिने थोपला, नेहमीच्या औषधांवर १.९. वाचून हिरमोडच होतो, पण ज्यांची आधीची पाल्बोसिक्लिबसारखी गोळी वर्षभर तरी चालली होती त्यांच्यात ८.६ महिने.

पीआयके३सीए हे दुसरं म्युटेशन निघालं तर अल्पेलिसिबची गोळी, सोबत फुलवेस्ट्रंट. आजार ११ महिने थोपला, नुसत्या फुलवेस्ट्रंटवर ५.७, दिसायला झकास, पण त्या ट्रायलमधल्या फारच थोड्या जणींनी आधी पाल्बोसिक्लिबच्या जातीची गोळी घेतली होती, त्यामुळे हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. शिवाय १० पैकी ६ जणींची शुगर वाढली. फुलवेस्ट्रंट म्हणजे दोन्ही कुल्ल्यांवर एकेक इंजेक्शन, औषध घट्ट, सिस्टरला सावकाश द्यायला सांगा. याच म्युटेशनवरची दुसरी गोळी कॅपिव्हासर्टिब शुगरला जरा बरी, चार दिवस घ्यायची तीन दिवस बंद, पण जुलाब फार.

एव्हरोलिमस आणि एक्झेमेस्टेन या गोळ्यांच्या जोडीला म्युटेशन लागत नाही, आपल्याकडे जेनेरिक मिळतं. शुगर एव्हरोलिमसही वाढवते पण कमी, खरा त्रास तोंड येण्याचा.

मावशीला पीआयके३सीए निघालं, पण तिचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आधीच ८.९, कॅपिव्हासर्टिब खिशाबाहेर, म्हणून डॉक्टरांशी बोलून एव्हरोलिमस. डेक्सामेथासोनच्या पाण्याने दिवसातून चारदा दोन-दोन मिनिटं गुळण्या पहिल्या दिवसापासूनच, तोंड यायची वाट न बघता, आणि नंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही. सध्या घरात भांडण आहे ते फक्त चारच्या चहावरून.